सुपरहिरोची प्रेयसी पळवली जाते, तेव्हा तिची गोष्ट कुठे जाते?

पाऊलवाट (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात पावसाने घराबाहेर पडू दिलं नाही, तेव्हा सॅम रायमीचे तिन्ही स्पायडरमॅन लागोपाठ तीन रात्री पुन्हा पाहिले. २००२, २००४ आणि २००७. पहिला मी कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर थेटरात पाहिला होता. त्या सिनेमांवरचं माझं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही, हे आधीच सांगते.

पण या वेळी एक गोष्ट खुपली ती खुपलीच. तिन्हींचा शेवट स्पायडरमॅनच्या, म्हणजे पीटर पार्करच्या प्रेयसीला, मेरी जेनला कुणीतरी उचलून नेतं इथेच येतो. पहिल्यात ग्रीन गॉब्लिन तिला क्वीन्सबरो पुलावर नेतो, दुसऱ्यात डॉक्टर ऑक्टोपस नदीकाठच्या पडक्या गोदीत, तिसऱ्यात ती जाळ्यात अडकवलेल्या टॅक्सीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या उंचीवर लटकत असते. एकदा ठीक आहे. तिन्ही वेळा?

सगळ्यात जास्त त्रास दुसऱ्या भागातल्या कॅफेच्या प्रसंगाने झाला. आठवून बघा. मेरी जेनचं लग्न दुसऱ्याशी ठरलंय. तरी ती पीटरला भेटायला बोलावते, समोरासमोर बसते आणि विचारते, तुझं माझ्यावर प्रेम आहे की नाही? तो खोटं बोलतो, नाही म्हणतो. तिला ते पटत नाही. ती म्हणते, एकदा मला किस कर, मला काहीतरी समजून घ्यायचंय. म्हणजे आयुष्याचा निर्णय घ्यायला निघालेली बाई स्वतःची खात्री करून घेतेय. दोघं जवळ येतात, आणि काच फोडून एक आख्खी मोटार आत येते. पुढच्या मिनिटाला ऑक्टोपस तिला घेऊन निघूनही गेलेला असतो. तिचा प्रश्न टेबलावरच राहतो. आता प्रश्न एकच उरतो, पीटर तिला वाचवेल का?

आणि ऑक्टोपसला ती नकोच असते! त्याला स्पायडरमॅन हवाय. पीटर स्पायडरमॅनचे फोटो काढतो, म्हणून पीटरला धरायचं, आणि पीटर ऐकावा म्हणून तिला. भांड्याला कान असतो ना उचलायला, तेवढंच तिचं काम.

न्यायाने बोलायचं तर हाच सिनेमा शेवटी तिचं देणं फेडतो. गोदीत ती पीटरचा उघडा चेहरा बघते, सगळं समजते, आणि लग्नाच्या दिवशी स्वतःच्या पायांनी पळत त्याच्या दारात येते. म्हणते, तुझा जीव कुणीतरी वाचवायची वेळ झाली नाही का आता? मला ते दृश्य फार आवडतं. म्हणूनच म्हणते, अपहरण दाखवू नका असा माझा हट्ट नाही. तिला पळवून नेल्यावर तिची गोष्ट थांबते, याची मला चीड आहे. तुम्हाला कोणते प्रसंग आठवतात? चांगले, वाईट, दोन्ही सांगा.


रात्रपाळी

उत्तम धागा. हे किती जुनं आहे ते सांगतो. ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, जून १९३८, जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन. त्याचं मुखपृष्ठ तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलं असेल. सुपरमॅन एक हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतोय, माणसं जीव घेऊन पळतायत.

ती मोटार तो का फोडतोय? कारण त्याच्या प्रेयसीला, लोइस लेनला त्याच गाडीतून पळवून नेत होते. क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, तिला नाचायला घेऊन जातो, तिथे एक गुंड तिच्यावर जबरदस्ती करतो. क्लार्क भित्रेपणाचं सोंग घेऊन गप्प बसतो. लोइस स्वतः त्या गुंडाच्या मुस्काटात मारते आणि टॅक्सी करून निघते. गुंड पाठलाग करून टॅक्सी अडवतात आणि तिला आपल्या गाडीत कोंबतात. मग सुपरमॅन येतो, गाडी उलटी धरून माणसं खाली पाडतो आणि गाडीचा चुराडा करतो.

म्हणजे सुपरहिरो या प्रकाराचं पहिलं मुखपृष्ठच प्रेयसीच्या अपहरणातून निघालंय. पण त्या कथेत लोइसने आधी थोबाडीत मारली होती. मुखपृष्ठावर ती थोबाडीत नाही, मोटार आहे. पुढे सगळ्यांनी मोटार उचलली, थोबाडीत विसरले.


मोगरा_७

रात्रपाळी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. ते चित्र मी टी-शर्टवर घालून फिरलेय!


गणिताचा मास्तर

या विषयात ग्वेन स्टेसीला, स्पायडरमॅनच्या कॉमिक्समधल्या प्रेयसीला, टाळून पुढे जाता येणार नाही. द अमेझिंग स्पायडरमॅन, अंक १२१, जून १९७३. लेखक गेरी कॉनवे, चित्रं गिल केन यांची. ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलाच्या मनोऱ्यावर नेतो आणि तिथून खाली टाकतो. स्पायडरमॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायांना चिकटतं, ती थांबते. त्याला वाटतं वाचवलं. वर ओढून घेतो तर ती गेलेली असते. त्या चौकटीत तिच्या मानेजवळ एक बारीक अक्षरांतला आवाज लिहिलाय, मोडल्याचा. पुढे वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना संपादकांनीही सांगितलं, अचानक थांबल्यामुळे मानेला बसलेल्या झटक्याने ती गेली.

मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी हे उदाहरण फळ्यावर मांडतो. समजा ती ९० मीटर खाली आली. वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले ९.८ गुणिले ९०. वेग येतो सेकंदाला ४२ मीटर, ताशी साधारण १५० किलोमीटर. जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं तर शरीरावर गुरुत्वाच्या साडेआठपट झटका. तेच एक दशांश सेकंदात थांबवलं तर त्रेचाळीसपट. आणि धरलंय पायांना, डोकं मोकळं. जीव पडण्याने जात नाही, इतक्या कमी वेळात थांबण्याने जातो. वर्गात एकदम शांतता होते, कारण मुलांना उमगतं की त्याने तिला वाचवायला जे केलं त्यानेच ती गेली.

त्या कथेचं मोठेपण मी मानतो. पण पाऊलवाट, तुमचा प्रश्न वाचून तो अंक काढून पुन्हा वाचला. पुलावरच्या सगळ्या प्रसंगात ग्वेन बेशुद्ध आहे. एक शब्द नाही, एक विचार नाही. जिच्या मरणाने कॉमिक्सचा इतिहास बदलला असं म्हणतात, तिला स्वतःला ते कळलंसुद्धा नाही. इतकी वर्षं मी तिच्या वेगाचा हिशोब करत आलो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.


निशिगंधा_क

मास्तर, तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं.

याच्या पुढची पायरी म्हणजे १९९४ चा ग्रीन लँटर्न, अंक ५४. काइल रेनर, म्हणजे ग्रीन लँटर्न, घरी येतो आणि त्याची प्रेयसी अलेक्झांड्रा डिविट फ्रीजमध्ये मारून कोंबलेली सापडते. खलनायकाने त्याच्यासाठी ठेवलेला निरोप म्हणजे तिचा देह. हे वाचून वैतागलेल्या गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये एका संकेतस्थळावर अशा सगळ्या बायकांची यादी घातली, ज्यांना कॉमिक्समध्ये मारलं, जखमी केलं किंवा त्यांची शक्ती काढून घेतली. यादी फार लांब झाली. पुढे याच बाई स्वतः वंडर वुमनची कॉमिक्स लिहायला लागल्या, ही मला त्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते.

पळवणं आणि मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं कुणी म्हणेल. मला त्या एकाच दोरीच्या दोन गाठी वाटतात. दोन्हीकडे तिचं शरीर हे दोन पुरुषांमधलं पत्र असतं.


चौथी रांग

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

हा प्रकार लेखकांच्या आळसातूनच येतो असं नाही. सुपरहिरोला गोळी लागत नाही, आग जाळत नाही, तो उडतो. मग त्याला दुखवायचं कसं? त्याच्या अंगाला इजा होत नसेल तर ज्याच्यावर त्याचा जीव आहे त्यालाच धरावं लागणार. मुखवट्यामागचं नाव लपवायचं कारणही हेच. नाव कळलं की घर कळतं, घर कळलं की माणसं कळतात. गुपित ओळख आणि अपहरण ही एकाच यंत्राची दोन चाकं आहेत. एक ठेवून दुसरं काढा म्हणणं सोपं नाही.

आणि ते नीट वापरलं तर द डार्क नाइट (२००८) होतो. जोकर बॅटमॅनचा जिच्यावर जीव आहे ती रेचल आणि तिचा आताचा प्रियकर हार्वी डेंट या दोघांना दोन ठिकाणी डांबतो आणि बॅटमॅनला पत्ते उलटे सांगतो. बॅटमॅन रेचलसाठी धावतो आणि हार्वीपाशी पोचतो. नेहमीचा साचा घेऊन दिग्दर्शक नोलनने तो प्रेक्षकांवरच उलटवला. तिथे तरी तक्रार नसावी.


पाऊलवाट

चौथी रांग, राग कसला, उलट धन्यवाद. गुपित ओळखीचा मुद्दा मला पटला, तो मी धाग्यात लिहायला हवा होता.

पण रेचलबद्दल काल रात्री पुन्हा बघून सांगते. त्या खोलीत ती पिंपांना टेकून बांधलेली आहे, स्पीकरवर हार्वीशी बोलतेय, आणि स्वतः मरणाच्या दारात असून त्याला धीर देतेय. मॅगी जिलेनहालने ते इतकं शांतपणे केलंय की पोटात कालवतं. आणि तिचं वाक्य अर्धं असताना स्फोट होतो. अर्धं!

त्याआधी तिने ब्रूसला, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनला, पत्र लिहिलेलं असतं, की मी हार्वीशी लग्न करणार आहे. पूर्ण विचार करून, स्वतःच्या अक्षरात. ते पत्र त्याच्या घरच्या जुन्या नोकराच्या, आल्फ्रेडच्या हातात राहतं, आणि ब्रूसला दुःख नको म्हणून तो ते जाळून टाकतो. कथेतल्या आठ वर्षांनी, पुढच्या भागात ब्रूसला खरं कळतं, तेही आल्फ्रेडच्या तोंडून. तोवर तो मनातल्या मनात तिचा विधुर होऊन बसलेला असतो, जिने त्याला नाही म्हटलं होतं तिचा.

आल्फ्रेड वाईट नाही, मायेपोटी करतो. सिनेमा उत्तम आहे, यात वाद नाही. पण कॅफेतला अर्धा राहिलेला प्रश्न आणि हे जळलेलं पत्र शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे तिचा निर्णय झाला होता किंवा होत होता, आणि गोष्टीने तो हातातून काढून घेतला.


वरदाकाठ

पत्राचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं, कौंडिण्यपूर तिथून जवळ. रुक्मिणीचं गाव. आजी घरातल्या मुलींची लग्नं ठरेपर्यंत एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराची पोथी वाचायची, आम्हाला शेजारी बसवून.

आपल्या डोक्यात ते रुक्मिणीहरण म्हणून बसलंय. पण बेत कुणाचा? तिचा! भाऊ शिशुपालाशी लग्न लावतोय म्हणून ती ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र पाठवते. नुसतं ये असं नाही लिहीत. भागवतात तिचा निरोप वाचा: लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाचाराप्रमाणे वधू गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथून मला ने, म्हणजे राजवाड्यात शिरून माझ्या माणसांना मारावं लागणार नाही. दिवस, जागा, कारण, सगळं तिने ठरवलंय. कृष्णाने फक्त रथ आणला.

आणि सीतेचं हरण तर तिच्या इच्छेविरुद्ध आहे. तरी सुंदरकांडात हनुमान म्हणतो, माझ्या पाठीवर बसा, आत्ता रामाकडे नेतो. ती नाही म्हणते. रामाने यावं, रावणाला हरवून न्यावं, हे तिचं म्हणणं. लंकेत एकटी, राक्षसिणींच्या पहाऱ्यात, आणि तरी सुटकेचा आलेला मार्ग नाकारायचा अधिकार तिच्यापाशी आहे. वाल्मीकींनी तिला तिथे बोलू दिलंय, भरपूर बोलू दिलंय. बंदिवासात गोष्ट थांबलीच पाहिजे असा काही नियम नाही.


रात्रपाळी

वरदाकाठ, हा प्रतिसाद जपून ठेवला.


चौथी रांग

मीही. माझं म्हणणं बरंचसं मागे घेतो. साचा असणं वेगळं आणि साच्यात ती मुकी असणं वेगळं, हे नीट कळलं.


आवाजवाली

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी डबिंग करते, बाहेरच्या सिनेमांना आणि मालिकांना हिंदी आवाज देते, बारा वर्षं झाली. सिनेमाचं नाव सांगता येणार नाही, स्टुडिओचंही नाही.

एका सुपरहिरोपटात नायिकेचा आवाज माझा होता. पहिल्या दिवशी तिचं ऑफिस, भावाशी भांडण, पावसातलं बोलणं असं सगळं झालं. मला ती बाई आवडायला लागली होती, तिची बोलायची एक तिरकी लय होती. दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग. कागद हातात घेतला तर पानभर टाइमकोड आणि त्यापुढे फक्त: किंचाळी. धाप. हुंदका. किंचाळी, लांब. श्वास. नायकाचं नाव, ओरडून. नायकाचं नाव, कुजबुजून. पुन्हा किंचाळी.

आमच्यात त्याला रिॲक्शन म्हणतात. घसा बसतो म्हणून त्या दिवसाच्या शेवटी घेतात. माझ्याकडे तर दिवसभर तेच होतं, शेवटी ठेवायला दुसरं काही नव्हतं. कोमट पाणी पीत पीत केलं. लांब किंचाळीचे सात टेक झाले, कारण पडद्यावर तिचं तोंड जितका वेळ उघडं आहे तितका श्वास मला पुरत नव्हता. बूथमधून बाहेर आले तेव्हा आवाज गेला होता, रिक्षावाल्याला पत्ता मोबाइलवर लिहून दाखवला.

घसा दोन दिवसांत बरा झाला. पण ती बाई कालपर्यंत पूर्ण वाक्यं बोलत होती आणि आज तिच्याकडे एकही वाक्य नाही, हे मनातून गेलं नाही. पाऊलवाट, तुम्ही विचारलंत तिची गोष्ट कुठे जाते. मी त्या पानावर पाहिलंय.


मोगरा_७

आवाजवाली, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप बरं वाटलं. यापुढे डब केलेला सिनेमा वेगळ्या कानाने ऐकेन.


ढोलकी

आपल्याकडचं थोडं. मिस्टर इंडिया (१९८७) मध्ये शेवटी सीमा आणि मुलं मोगॅम्बोच्या ताब्यात असतातच, पण आधी दीड तास श्रीदेवीने ती भूमिका इतकी भरून टाकलीय की ती कैदेतही सीमाच वाटते. क्रिश ३ (२०१३) जास्त बोचला. क्रिशच्या बायकोला, प्रियाला पळवतात आणि तिच्या जागी रूप बदलणारी काया घरात येऊन राहते. मधला सगळा वेळ तिला मिळतो, प्रेमात पडणं, बदलणं, स्वतःच्या मालकाविरुद्ध जाणं. खऱ्या प्रियाला काय वाटतंय ते आपल्याला फारसं कळतच नाही.

मल्याळम मिन्नल मुरली (२०२१) आवर्जून बघा. त्यात बिजी कराटे शिकवते. आणि सगळ्यात खोल प्रेम तिथे खलनायकाचं आहे, शिबूचं उषावर. गुरु सोमसुंदरमचा चेहरा विसरता येत नाही.


निशिगंधा_क

चांगल्या बाजूचं कुणी फार लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. द इन्क्रेडिबल्स (२००४): नवरा खलनायकाच्या बेटावर अडकलाय आणि त्याला सोडवायला बायको विमान चालवत जाते. क्षेपणास्त्रं येतात, विमान फुटतं, तर ती स्वतःच्या अंगाचं पॅराशूट करून मुलांना खाली आणते. आई म्हणून, बायको म्हणून आणि नायिका म्हणून एकाच प्रसंगात. २०२५ च्या सुपरमॅनमध्येही कैदेत तो आहे आणि मिस्टर टेरिफिक या दुसऱ्या सुपरहिरोला घेऊन त्याला शोधायला लोइस जाते. १९३८ पासून तिचं हे येणं बाकी होतं.

आयर्न मॅन ३ (२०१३) बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. आयर्न मॅनच्या प्रेयसीला, पेपर पॉट्सला, खलनायक किलियन पळवतो, तिच्या अंगात एक्स्ट्रिमिस नावाचं शरीर बदलून टाकणारं औषध टोचतो, ती आगीत पडते, आपण हळहळतो, आणि ती उठून येऊन किलियनला स्वतः संपवते. टाळ्या वाजवल्या मी. पण मधला बराच वेळ ती जखडलेलीच आहे.


चौथी रांग

माझ्या आवडीचा तोडगा स्पायडरमॅन: होमकमिंग (२०१७) चा. पीटर लिझला शाळेच्या नाचाला न्यायला तिच्या घरी जातो, दार उघडतो तिचा बाप, आणि तोच खलनायक. पळवायचं कुणाला? मुलगी त्याच्याच घरात राहते. मग गाडीत तिघं निघतात. लिझ मागे बसून मजेत बोलतेय, हा त्या पार्टीतून गायब झाला, वॉशिंग्टनलाही ऐन वेळी नव्हता, आणि तिच्या एकेका वाक्याने बापाला कोडं उलगडत जातं. सिग्नल लाल आहे, मायकल कीटनच्या चेहऱ्यावर तो लाल उजेड. सिग्नल हिरवा होतो, उजेड हिरवा होतो, आणि त्याला कळलेलं असतं. सगळं एका गाडीत, सीटबेल्ट लावून.

लिझला पुढे फार काही करायला मिळत नाही, हे पाऊलवाट सांगायच्या आत मीच सांगतो.


पाऊलवाट

हे सांगणारच होते!

ग्वेनवर परत येते. २०१४ च्या अमेझिंग स्पायडरमॅन २ मध्ये पीटर तिला मागे ठेवायला तिचा हात जाळ्याने गाडीला चिकटवून जातो. ती सोडवून घेते, वीजकेंद्रात येते, आणि माझे निर्णय मीच घेते असं त्याला सुनावते. खलनायक इलेक्ट्रोला हरवायची कळ तिनेच दाबलेली आहे. त्यानंतर हॅरी, या सिनेमातला ग्रीन गॉब्लिन, तिला उचलतो आणि घड्याळाच्या मनोऱ्यात ती पडते. खाली जाणाऱ्या जाळ्याचं टोक हाताच्या पंजासारखं उघडतं, पोचतं, आणि तरी उशीर झालेला असतो. शेवट १९७३ चाच आहे. पण एमा स्टोनच्या ग्वेनला आपण ओळखत होतो, म्हणून तिच्यासाठी रडलो. १९७३ मध्ये बहुतेक त्याच्यासाठी रडलो असतो.


गणिताचा मास्तर

याच धाग्यात माझंही एक देणं आहे, ते फेडतो. स्पायडरमॅन: नो वे होम (२०२१) मध्ये पीटरची प्रेयसी एमजे स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून पडते. तिचा स्वतःचा पीटर तिच्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या विश्वातून आलेला, ग्वेनला गमावलेला तो २०१४ चा पीटर, अँड्र्यू गारफिल्ड, झेप घेतो. या वेळी तो तिच्याकडे लांबून जाळं फेकत नाही. आधी तिला दोन्ही हातांनी कवेत घेतो, म्हणजे दोघांचा वेग एकच, मान सुरक्षित. मग जाळ्यांनी दोघांचा वेग उतरवत खाली येतो. थांबायला जास्त वेळ मिळतो, झटका कमी बसतो. फळ्यावर मी इतकी वर्षं जे उत्तर लिहीत होतो ते त्याने करून दाखवलं.

खाली उतरल्यावर तो विचारतो, तू ठीक आहेस ना? ती हो म्हणते. मग त्याचा चेहरा बघते, आणि तोच प्रश्न त्याला विचारते.


आवाजवाली

मास्तर, ते मीही पाहिलंय. मरणाच्या उंचीवरून पडलेली मुलगी किंचाळून झाल्यावर लगेच दुसऱ्याची चौकशी करते, तेव्हा आवाजात अजून धाप असते आणि तरी शब्द नीट यावे लागतात. असं एक वाक्य शेवटच्या पानावर मिळालं तर मी सात टेक आनंदाने देईन.